कोकणात राहून मालकपक्षाला कामगार कायद्याचा सल्ला: हे काम कसं असतं आणि कसं शिकावं

प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीत एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कामगार कायद्यात, तेही मालकांना सल्ला देण्याच्या बाजूने, काम करायचं आहे. सगळे सांगतात मुंबई-पुण्याला जा. कोकणात राहून जमेल का? रोजचं काम नेमकं काय असतं? आणि नव्या संहिता आल्यावर जुने कायदे शिकण्यात अर्थ आहे का?

जमतं. पण कोर्टात उभं राहणं हा या कामाचा लहान भाग आहे, हे आधी मान्य करावं लागतं. मालकपक्षाची केस बहुतेक वेळा दाखल व्हायच्या वर्ष-दीड वर्ष आधी टाइम ऑफिसात ठरून गेलेली असते. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, काय लिहिलंय, चार्जशीट कोणत्या भाषेत दिली, राजीनामा कोणाच्या अक्षरात आहे, पत्र खरंच पोचलं का, यावर. म्हणून या बाजूच्या वकिलाची किंमत वाद व्हायच्या आधी तो कारखान्यात किती वेळा जातो यावर ठरते. आणि इथे मुंबईच्या वकिलापेक्षा चिपळूण-कुडाळचा वकील सरस ठरू शकतो, कारण तो तासाभरात गेटवर पोचतो.

आधी गिऱ्हाईक कोण ते पाहा. लोटे परशुराम, खेर्डी, गाणे-खडपोली, मिरजोळे, कुडाळ या एमआयडीसी आणि पलीकडे रायगडात महाड, रोहा, तळोजा. यातल्या मोठ्या कंपन्यांचे सल्लागार बहुधा मुंबईत ठरलेले असतात. तुमच्या वाट्याला त्यांच्या चौकश्या आणि तारखा येतील. तुमचं खरं गिऱ्हाईक वेगळं: काजू कारखानदार, मासळी प्रक्रियावाले, कॅनिंगवाले, लेबर कॉन्ट्रॅक्टर, हॉटेल-रिसॉर्ट, खासगी दवाखाने, पतसंस्था, शिक्षणसंस्था. शिक्षणसंस्था आल्या की सावध. शिक्षक हा औद्योगिक कायद्यातला कामगार नाही, हे सुप्रीम कोर्टाने ए. सुंदरमबाल प्रकरणात १९८८ साली स्पष्ट केलं. खासगी शाळेतला कर्मचारी १९७७ च्या एमईपीएस कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणाकडे जातो, आणि अपिलाची मुदत फक्त ३० दिवसांची. कोणता माणूस कोणत्या कायद्यात बसतो ही पहिली चाळणी चुकली की पुढचं सगळं वाया.

जुनं शिकायचं का, याचं उत्तर: हो, आणि नवंही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या: वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, आणि व्यावसायिक सुरक्षितता-आरोग्य. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, १९४६ चा स्थायी आदेश कायदा आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा या तिघांची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. पण तुम्ही ज्येष्ठांकडे बसाल तेव्हा कपाटातल्या फायली जुन्या कायद्याच्याच असतील आणि त्या कितीतरी वर्षं चालतील. पुण्याच्या भारत फोर्जच्या प्रकरणात कामगार पाळीत झोपलेला सापडला १९८३ साली. बडतर्फी योग्य की नाही याचा शेवटचा निकाल सुप्रीम कोर्टाने दिला २००५ मध्ये. शिवाय संहितेतल्या निम्म्या तरतुदी जुन्याच शब्दांत आहेत, त्यामुळे जुने निवाडे लागू पडत राहतात. महाराष्ट्राचा १९७१ चा एमआरटीयू-पीयूएलपी कायदा (कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा) राज्याचा आहे, संहितेच्या निरसनाच्या यादीत तो नाही. त्यातलं परिशिष्ट ४ तोंडपाठ हवं: कलम १ म्हणजे आकसाने बडतर्फी, कलम ५ पक्षपात, कलम ६ वर्षानुवर्षं बदली-हंगामी ठेवून कायमपणा नाकारणं, कलम ९ करार किंवा निवाडा न पाळणं. तक्रारीची मुदत ९० दिवस. कलम १ ची तक्रार कामगार न्यायालयात, बाकीच्या औद्योगिक न्यायालयात. मालकाच्या हातात समन्स पडलं की हे परिशिष्ट डोळ्यांपुढे यायला हवं.

आता कोकणातला सगळ्यात मोठा घोळ: हंगामी कामगार.

इथला प्रत्येक मालक सांगतो, 'आमचा धंदा सीझनचा.' ते तपासायचं काम तुमचं. आंबा कॅनिंग एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत चालतं. नुसतं तेवढंच असेल तर २४० दिवसांचा (वर्षात इतके दिवस भरले की वर्षाची सलग सेवा धरतात) प्रश्न येत नाही. पण त्याच बायका पुढे कोकम, फणस, लोणच्याच्या कामाला थांबल्या तर मोजणी चालूच राहते. काजूचं तर उलटंच आहे. बी फेब्रुवारी-मेमध्ये खरेदी होते म्हणून मालक हंगामी म्हणतो, पण ती साठवून फोडणं, सोलणं, प्रतवारी वर्षभर चालतं. हंगाम खरेदीचा आहे, कामाचा नाही. मासळी प्रक्रियेत १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीमुळे युनिट बंद राहतं, म्हणून 'दर वर्षी ब्रेक पडतो' असं ठासून सांगतात. उरलेले दिवस मोजा: ३०४. ब्रेक पडूनही माणूस २४० च्या कितीतरी पुढे गेलेला असतो.

मोजणीची चूकही ठरलेली. मालक फक्त मस्टरवरच्या हजेऱ्या मोजतो आणि '२१२ भरले' म्हणतो. अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या १९८५ च्या निवाड्यानुसार पगारी साप्ताहिक सुट्ट्या आणि पगारी सणाच्या सुट्ट्याही धरायच्या. त्या धरल्या की २१२ चे २४५ होतात. आणि पीसरेटवर काजू सोलणारी बाई 'आमची कामगारच नाही' हा बचाव तर लिहूसुद्धा नका; नगावर मजुरी दिली म्हणून नातं बदलत नाही.

मग सल्ला काय द्यायचा? ऐन बंदीच्या आदल्या दिवशी कामावरून काढून ऑगस्टमध्ये नवं नाव म्हणून घेणं थांबवा. संहितेत मुदतबंद नेमणुकीची, म्हणजे फिक्स्ड टर्मची सोय आहे: थेट कामगाराशी लेखी करार, मुदतीची सुरुवात-शेवट लिहिलेला, कायम कामगाराइतकाच पगार-सवलती, आणि वर्षभर सेवा झाली तरी प्रमाणात ग्रॅच्युइटी. मुदत संपून सेवा संपली तर ती कामगारकपात धरली जात नाही. हा करार कामाच्या पहिल्या दिवशी सही झालेला हवा. तीन महिन्यांनी मागची तारीख घालून केलेला करार उलटतपासणीत टिकत नाही, कारण पीएफच्या नोंदीची तारीख बोलते. नेपाळ, कर्नाटक, ओडिशातून आलेल्या माणसाला न समजणाऱ्या भाषेत सही घेऊ नका. त्याच्या भाषेत वाचून दाखवल्याची, वाचणाऱ्याच्या सहीची ओळ खाली हवी.

ज्याला खरोखर कमी करायचं आहे त्याचं गणित हातानेच करायला शिका. एक वर्ष सेवा झालेल्या कामगाराला महिन्याची नोटीस किंवा तिच्याबदली पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांची सरासरी वेतनाची भरपाई. हे पैसे कामगाराला कामावरून काढतानाच द्यायचे. 'नंतर हिशेब करू' म्हटलं की आदेशच बेकायदा ठरतो आणि मग पुनर्नियुक्ती. नोकरी संपल्यावरचं उरलेलं वेतन वेतन संहितेनुसार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावं लागतं, महिनाअखेरची वाट पाहता येत नाही.

ग्रॅच्युइटीत नव्या वेतन-व्याख्येचा फटका कसा बसतो ते मालकाला आकड्यात दाखवावं लागतं, नाहीतर पटत नाही. समजा एकूण महिना २६,००० रुपये आहे आणि बेसिक-डीए मिळून ९,१०० दाखवलंय, बाकी सगळे भत्ते. जुन्या पद्धतीने ९,१०० भागिले २६ म्हणजे ३५० रुपये रोज, गुणिले १५ म्हणजे वर्षाला ५,२५०. ११ वर्षं ८ महिने सेवा असेल तर १२ वर्षं धरायची (सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष): ६३,०००. नव्या व्याख्येत वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले की वरचा भाग वेतनात धरला जातो, म्हणजे वेतन १३,०००. आता रोज ५००, वर्षाला ७,५००, एकूण ९०,०००. एका माणसामागे २७,००० चा फरक. पगाराची रचना अशी भत्त्यांत पसरवून देणारा सल्लागार आता मालकाला महाग पडतो. तुमच्याआधी कोणीतरी ती करून ठेवलेली असेल, ती मोडायला सांगणं हे तुमचं पहिल्या भेटीतलं कडू काम.

आता शिस्तभंगाची चौकशी. नवोदिताची पहिली कमाई बहुधा इथून येते, आणि मालकाच्या केसेस सर्वांत जास्त इथेच फुटतात. क्रम माहीत असतो सगळ्यांना: त्याच दिवशीचा घटना-अहवाल, साक्षीदारांचे जबाब, चार्जशीट, उत्तराला मुदत, गरज असेल तर निलंबन, चौकशी अधिकारी, सुनावण्या, अहवाल, दुसरी कारणे दाखवा नोटीस, मग आदेश. फुटतं ते बारीक ठिकाणी.

चार्जशीटची भाषा पाहा. पर्सोनेलवाला लिहून आणतो: 'तुम्ही नेहमी उशिरा येता, वरिष्ठांशी उद्धटपणे वागता व कंपनीचे नुकसान करता.' यात एकही सिद्ध करण्याजोगी गोष्ट नाही. तीच अशी लिहावी: 'दि. १४ रोजी दुसऱ्या पाळीत सायंकाळी ६.४० च्या सुमारास, पॅकिंग विभागातील दोन नंबरच्या टेबलापाशी, पर्यवेक्षकांनी डबे पुन्हा वजन करण्यास सांगितले असता तुम्ही नकार दिला, पुढील शब्द उच्चारले आणि वजनकाटा ढकलून दिला. काट्याची काच फुटली. त्या वेळी प्रतवारी विभागातील दोन कामगार तेथे हजर होते.' दिवस, वेळ, जागा, कृती, शब्द, हजर माणसं. त्यातल्या 'पुढील शब्द' या जागी खरोखरचे शब्द यायला हवेत. 'अश्लील शिवीगाळ केली' हा निष्कर्ष झाला. सिंधुदुर्गात इथे आणखी एक अडचण असते: मालवणीत गप्पांच्या ओघात येणारा शब्द कागदावर उतरला की भयंकर दिसतो. न्यायाधीश इथलेच असतील तर हसतील, बाहेरचे असतील तर विचारतील की मग रोज बोलतात त्याला चार्जशीट का नाही. म्हणून शब्दाबरोबर आवाज, अंगावर धावून जाणं, आधीची वादावादी हेही लिहा.

निलंबन केलंत तर निर्वाह भत्ता पहिल्या ९० दिवसांना वेतनाच्या ५० टक्के, पुढे विलंब कामगारामुळे नसेल तर ७५ टक्के. तो थकला आणि कामगार 'पैसे नव्हते म्हणून सुनावणीला येता आलं नाही' म्हणाला, की संपूर्ण चौकशी संशयात. सुनावणीच्या प्रत्येक पानावर दोन्ही पक्षांच्या सह्या, प्रत कामगाराला त्याच दिवशी, आणि कामकाज मराठीत. उलटतपासणीची संधी दिली आणि त्याने नाकारली तर 'नाकारली' हे त्याच्यासमोर लिहून सही घ्या. अहवालाची प्रत दिल्याशिवाय शिक्षा करू नका, बी. करुणाकर प्रकरणात १९९३ साली हा मुद्दा कायमचा निकाली निघालाय, तरी अजून लोक चुकतात. चौकशी अधिकारी म्हणून बसलात तर पुढे त्याच प्रकरणात मालकाचे वकील होऊ नका. तुमचीच साक्ष निघणार असते. लहान गावात मालक आग्रह धरतो, कारण 'तुम्हालाच सगळं माहीत आहे.'

दोन सापळे नवशिक्यांना कोणी सांगत नाही. पहिला: त्या वेळी एखादा औद्योगिक विवाद न्यायाधिकरणापुढे चालू असेल आणि बडतर्फ केलेला माणूस त्यात संबंधित कामगार असेल, तर बडतर्फीबरोबरच एक महिन्याचं वेतन द्यावं लागतं आणि मंजुरीचा अर्ज करावा लागतो. जुन्या कायद्यात हे कलम ३३(२)(ब). सुप्रीम कोर्टाने २००२ च्या जयपूर जिल्हा सहकारी भूमी विकास बँक प्रकरणात सांगितलं की हे न पाळता केलेली बडतर्फी मुळातच निष्प्रभ. महिन्याच्या वेतनात दोनशे रुपये कमी पडले म्हणून चोरीच्या सिद्ध आरोपातला माणूस परत येऊ शकतो. दुसरा: कैफियत, म्हणजे मालकाचं लेखी उत्तर, लिहितानाच 'चौकशी सदोष ठरल्यास न्यायालयापुढे पुरावा देऊन आरोप सिद्ध करण्याची परवानगी द्यावी' ही ओळ घाला. लक्ष्मीदेवम्मा प्रकरणाने २००१ मध्ये हा हक्क कैफियतीत मागण्यावर भर दिलाय. ओळ साधी, पण ती विसरल्याने हरलेली प्रकरणं कमी नाहीत.

गणपती आणि शिमगा. कोकणाबाहेरून आलेला प्लांट मॅनेजर पहिल्याच वर्षी वैतागून विचारतो, 'निम्मी पाळी गायब, सगळ्यांना चार्जशीट देऊ?' देऊ नका. सणाच्या गैरहजेरीवर शिस्तीचा बडगा उगारला की युनियन उभी राहते. वार्षिक करारातच बसवा: गणपतीत किती दिवस बंद, त्यातले किती पगारी, किती भरून काढायचे, तातडीचा विभाग कोण चालवणार, भट्टी किंवा शीतगृह कोणाच्या जबाबदारीवर. रजेचे अर्ज महिनाभर आधी. रासायनिक कारखान्यात हे सुरक्षेच्या दृष्टीनेही लागतं, अपुऱ्या माणसांवर रिअ‍ॅक्टर चालवून अपघात झाला तर बचाव उरत नाही.

सणानंतर जो परतच येत नाही त्याचं प्रकरण मात्र वेगळं. मालक महिन्याभराने मस्टरवरून नाव कमी करतो आणि म्हणतो, 'तो स्वतःच सोडून गेला.' डी. के. यादव प्रकरण (१९९३) नेमकं यावरच आहे: बाजू मांडायची संधी न देता नाव कमी करणं चालत नाही. दहा-बारा दिवसांच्या अंतराने कामावर हजर होण्याची तीन पत्रं, पोचपावतीसह. नेमणुकीच्या वेळीच पत्त्यात वाडीचं नाव, घर कोणाच्या नावाने ओळखतात ते आणि मुंबईतला पत्ता लिहून घ्या. नुसतं गाव-तालुका लिहिलेलं पाकीट फिरून परत येतं. पाकीट 'मुंबईस गेले' शेऱ्याने आलं तर ते फोडू नका, तसंच फायलीला लावा आणि मुंबईच्या पत्त्यावर दुसरं पाठवा. मग गैरहजेरीची चार्जशीट, एकतर्फी का होईना पण चौकशी, आणि आदेश. आणि माणूस मध्येच गेटवर आला तर सुरक्षारक्षकाने परतवायचं नाही, हे लेखी कळवून ठेवा. 'मी गेलो होतो, आत घेतलं नाही' या एका वाक्यावर मालकाची तीनही पत्रं पडतात.

मागच्या पगाराचा प्रश्न कोकणात वेगळा रंग घेतो. दीपाली सुर्वसे निवाड्यानंतर (२०१३) बडतर्फी बेकायदा ठरली की मागचं वेतन हा सर्वसाधारण नियम. कामगाराने 'मी बेकार होतो' म्हटलं की तो अन्यत्र कमावत होता हे दाखवायचं ओझं मालकावर. मालक लगेच त्याचा सातबारा काढून आणतो. त्यावर पंधरा सहहिस्सेदार, वाट्याला येणारी आंब्याची कलमं दोन. अशा सामायिक उताऱ्याने काही सिद्ध होत नाही, आणि बडतर्फीच्या आधीपासून असलेली शेती नवी कमाईही नव्हे. रिक्षाचं परमिट, होमस्टेची नोंदणी, दुसऱ्या कंपनीतला पीएफ क्रमांक, दुकानाचा परवाना, हे नंतरच्या तारखेचे कागद उपयोगी.

कंत्राटी कामगारांबद्दल मालकाला दोन वाक्यांत सांगा: कंत्राटदार बदलता येतो, पण हुकूम तुमचा मुकादम देत असेल, रजा तुमचा मॅनेजर मंजूर करत असेल आणि ओव्हरटाइमही तोच लिहीत असेल तर कंत्राट कागदावरचं. स्टील अथॉरिटीच्या (सेल) २००१ च्या निवाड्याने आपोआप कायम होण्याचा दावा बंद केला, पण कंत्राट बनावट ठरलं तर माणसं थेट मूळ मालकाची. सिप्ला प्रकरण (२००१) मालकाच्या उपयोगाचं: मालक-नोकर नातंच वादात असेल तर एमआरटीयू-पीयूएलपीची तक्रार चालत नाही, आधी नातं दुसऱ्या मंचावर ठरवून घ्यावं लागतं. नव्या संहितेत मुख्य कामात कंत्राटी कामगार ठेवायला मनाई आहे, अपवादांसह. सफाई, पहारा, कँटीन, चढ-उतार, बागकाम ही कामं सहसा मुख्य कामात धरलेली नाहीत. लोट्याच्या रासायनिक युनिटमध्ये कंत्राटी माणूस रिअ‍ॅक्टरवर असेल तर हा प्रश्न तुम्ही विचारायचा, निरीक्षकाने विचारेपर्यंत थांबायचं नाही.

स्थायी आदेशांचा, म्हणजे कारखान्याच्या प्रमाणित सेवानियमांचा, उंबरठा महाराष्ट्रात ५० कामगारांचा होता, संहितेत तो ३०० झाला. कोकणातली बहुतेक युनिटं ३०० च्या आत. मालकांना वाटतं सुटलो. उलट, गैरवर्तनाची यादी आयती मिळत होती ती गेली. नवीन युनिट असेल तर गैरवर्तन, निलंबन, चौकशीची रीत हे सगळं नेमणूकपत्रात किंवा सेवानियमांत लिहून, सही घेऊन ठेवा. जुन्यांनी आपले प्रमाणित आदेश मोडीत काढायची घाई करू नये. सेवाशर्ती बदलायला २१ दिवसांची नोटीस लागतेच. २० किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती आता बंधनकारक. आणि बडतर्फीविरुद्ध न्यायाधिकरणात जायची मुदत तीनवरून दोन वर्षांवर आली आहे, तारखा लिहून ठेवा.

करार करताना सही कुठे होते याला महत्त्व आहे. युनियनबरोबर खोलीत बसून केलेला करार सही करणाऱ्यांपुरता. समेट अधिकाऱ्यापुढे, समेटाच्या कामकाजात झालेला करार सगळ्या कामगारांना बांधतो, युनियनबाहेरच्यांना आणि उद्या येणाऱ्यांनाही. एका दिवसाच्या फेरीचा कंटाळा करून मालक पहिला पर्याय घेतो आणि सहा महिन्यांनी दुसरी युनियन दाराशी येते.

पीएफची थकबाकी ठरवणारी ७-अ चौकशी, पीएफ टाळायला दोन फर्म दाखवून वीस कामगारांच्या आत राहण्याची युक्ती, उशिरा भरलेल्या रकमेवरचं ७-क्यूचं १२ टक्के व्याज, हे तुम्ही कामात शिकालच. महिला वकिलांसाठी एक वाट लवकर उघडते: २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखाली दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी आणि तिच्यावर एक बाहेरची सदस्य. समितीत निम्म्या तरी स्त्रिया, अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, तक्रार तीन महिन्यांत (आणखी तीन वाढवता येतात), चौकशी ९० दिवसांत, न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड. तारकर्ली, गणपतीपुळे, दापोलीच्या रिसॉर्टांपैकी अनेकांनी मालकाची बायको अध्यक्ष म्हणून लिहिलेली असते. ती तिथे नोकरीला नसेल तर समितीची रचनाच चुकली. दहाच्या आतल्या होमस्टेची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

शिक्षणाचं थोडक्यात. सनद, दोन वर्षांत ऑल इंडिया बार परीक्षा, जमल्यास कामगार कायद्याची पदविका. कंपनीत पूर्णवेळ पगारी विधी अधिकारी झालात तर सनद स्थगित करावी लागते, कारण पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही. तीन-चार वर्षं कंपनीच्या एचआर-आयआरमध्ये (मनुष्यबळ आणि औद्योगिक संबंध विभागात) काढून परत वकिलीत यायचा बेत असेल तर तो वाईट नाही. पण पहिली दोन वर्षं अशा ज्येष्ठांकडे बसा जे कामगारांच्याही केसेस चालवतात. फक्त मालकांच्या ऑफिसात वाढलेल्याला समोरचा वकील मस्टरमध्ये काय शोधणार हे कळत नाही. फक्त एक पथ्य: एकाच कारखान्याचं काम दोन्ही बाजूंनी कधीही नको. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, समेटाच्या कामकाजात वकिलाला उभं राहता येत नाही, आणि न्यायाधिकरणात समोरच्याची संमती आणि परवानगी लागते. मालकांच्या संघटनेचा पदाधिकारी असलेला वकील त्या नात्याने उभा राहू शकतो, असं १९७६ च्या पारादीप पोर्ट निवाड्यात म्हटलंय. समेटाच्या दिवशी तुम्ही बाहेरच्या बाकावर बसणार आणि आत मॅनेजर बोलणार. त्याला आदल्या संध्याकाळी दोन तास तयार करणं ही तुमची वकिली.

फी तीन तऱ्हांची: मासिक रिटेनर, चौकशीमागे, तारखेमागे. रिटेनरच्या पत्रात काय धरलंय ते लिहा: महिन्याला किती भेटी, फोनवरचा सल्ला, पत्रांचे मसुदे, वर्षातून एकदा रजिस्टरांची तपासणी. आणि काय धरलेलं नाही तेही: कोर्टाच्या तारखा, चौकश्या, हायकोर्ट, प्रवास. हे न लिहिल्यास बागायतदार ओळखीचा आहे म्हणून त्याच्या मेहुण्याची भाडेकरूची केसही त्यातच येते. जाहिरात करता येत नाही. पण उद्योजक संघटनेत नव्या संहितांवर तासभर बोलायला कोणी अडवत नाही, आणि इथली बहुतेक कामं तिथूनच सुरू होतात.

हायकोर्टाचा विचार आता बदललाय. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्याच्या अखत्यारीत आले. रायगड मुंबईकडेच राहिलं. रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन रिटसाठी दुसऱ्याला कागद देणाऱ्या इथल्या वकिलाला आता घाट चढून स्वतः उभं राहता येतं. पावसाळ्यात मात्र दरड कोसळून आंबा किंवा गगनबावडा घाट बंद पडतो, म्हणून तारखेच्या आदल्या दिवशीच निघा. रिट दाखल करण्याआधी मालकाला एक आकडा लिहून द्या: पुनर्नियुक्तीच्या आदेशाला हायकोर्टात आव्हान दिलं, कामगाराने आपण कुठेही नोकरीला नाही असं प्रतिज्ञापत्र दिलं, तर प्रकरण चालेपर्यंत त्याला शेवटचं पूर्ण वेतन द्यावं लागतं, आणि रिट जिंकली तरी ते परत मिळत नाही. महिना १८,००० असेल आणि प्रकरण चार वर्षं चाललं तर ८,६४,०००. तितक्यात तडजोड होत असेल तर ती आधी बोलून पाहा.